पोर्ट १००० म्हणतो, पण लिंक किती धावते? घरातल्या रूटिंगला वेग कसा सांगावा

घरात एकच राउटर असेल तर हे वाचू नका, वेळ जाईल. हे आहे ज्यांच्याकडे दोन-तीन राउटर आहेत आणि एकाकडून दुसऱ्याकडे जायला एकापेक्षा जास्त वाटा आहेत त्यांच्यासाठी. मी चिपळूण-गुहागर पट्ट्यात कॅमेरे आणि नेटवर्क बसवतो आणि इकडे अशी घरं बरीच भेटतात: पुढे जांभ्याचं जुनं घर, मागे स्लॅबचं नवं, मध्ये खळं, माडीवर होमस्टेच्या खोल्या. जांभ्याच्या जाड भिंतीतून पाच गिगाहर्ट्झ जेमतेम पलीकडे पोचतं. म्हणून खळ्याखालून पाइपातून केबल, खिडकीतून खिडकीला वायफाय आणि विजेच्या वायरिंगवरून पॉवरलाइनची जोडी, असे तीनही प्रकार एकाच घरात ठेवावे लागतात. पावसाळ्यात वीज कडाडली की एखादा पोर्ट उडतोच, तेव्हा दुसरी वाट हवी.

पुढे सगळीकडे एकच नकाशा धरतो. फायबर येतं नव्या घरात, तिथे पहिला राउटर. दुसरा माजघरात, तिसरा माडीवर. नवं घर ते माजघर केबल, नवं घर ते माडी वायफाय, माजघर ते माडी पॉवरलाइन. तिन्हींवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्स प्रणाली, आणि वाट ठरवायला बॅबेल ही रूटिंगची पद्धत, म्हणजे ती चालवणारा बॅबेलडी हा प्रोग्राम. तो प्रत्येक लिंकला एक किंमत लावतो आणि जिची बेरीज कमी ती वाट निवडतो. आज्ञांची नावं मी बोलताना म्हणतो तशी लिहिली आहेत, टाइप अर्थातच रोमन लिपीत करायची.

आधी बॅबेल काय बघत नाही ते बघू. वायरच्या लिंकला तो सरसकट ९६ किंमत लावतो. गिगाबिट असो की १० एमबीपीएस, ९६. वायफायला २५६ पासून सुरुवात, आणि पॅकेट हरवायला लागली की त्यावर चढ. पण हरवतात किती हे तो मोजतो ‘हॅलो’ पॅकेटांवरून, ती जातात मल्टिकास्टने, म्हणजे एकदम सगळ्यांना, आणि वायफायवर मल्टिकास्ट सहसा सगळ्यात खालच्या वेगाने जातं, पाच गिगाहर्ट्झला ६ एमबीपीएस. सगळ्यात सावकाश वेग म्हणजे सगळ्यात दणकट. त्यामुळे ज्या लिंकवर ४०० एमबीपीएस निघतात आणि जिच्यावर रडतखडत १५ निघतात, त्या दोन्हींचे हॅलो व्यवस्थित पोचतात आणि दोघींची किंमत २५६ येते. वेग बघायचं काम आपलं.

केबलपासून सुरू करू, कारण तिथे खरं उत्तर मिळायची शक्यता सगळ्यात जास्त. राउटरवर लॉगिन होऊन ‘इथटूल’ आणि पुढे पोर्टचं नाव द्या. तीन ओळी बघा: स्पीड, डुप्लेक्स (दोन्ही टोकं एकाच वेळी बोलतात ते फुल, आळीपाळीने ते हाफ), आणि समोरच्याने जाहीर केलेले वेग. नुसता आकडा हवा असेल तर सिस फोल्डरच्या आत क्लास, त्यात नेट, त्यात पोर्टचं नाव, त्यात ‘स्पीड’ नावाची फाइल आहे, ती वाचा. १०००, १०० असा आकडा एमबीपीएसमध्ये येतो. लिंक नसेल तर -१ येतं किंवा वाचताना चूक येते. स्क्रिप्टमध्ये ही शक्यता धरलीच पाहिजे. -१ ला संख्या समजून भागाकार केला की किंमत कुठल्या कुठे जाते.

विचारायचं ते प्रत्यक्ष पोर्टला, लॅन१ किंवा लॅन२ ला. ब्रिजला, म्हणजे अनेक पोर्ट एकत्र बांधणाऱ्या इंटरफेसला, विचारलंत तर नव्या कर्नेलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) त्यातल्या चालू पोर्टांपैकी सगळ्यात वेगवान पोर्टचा आकडा मिळतो, जो तुमच्या लिंकचा नाहीच. बोगद्यांचं, म्हणजे व्हीपीएनसारख्या आभासी पोर्टांचं, तर विचारूच नका. टन इंटरफेस वर्षानुवर्षं १० एमबीपीएस सांगत आला आणि व्हेथ १०००० सांगते. दोन्ही आकडे कुणीतरी कोडमध्ये लिहून ठेवलेले, मोजलेला एकही नाही.

आता समजा पोर्ट १०० म्हणतोय आणि दोन्ही टोकांनी १००० जाहीर केलंय. हे दिसलं की दुसरं काही शोधू नका, केबल बघा. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, १-२ आणि ३-६, म्हणजे आपल्या नेहमीच्या क्रिम्पिंगमधल्या नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. पण दोन्ही टोकं वेग ठरवण्याची बोलणी नारिंगी-हिरवीवरच करतात, त्यामुळे निळी किंवा तपकिरी तुटलेली असली तरी ‘गिगाबिट’ ठरतं. मग लिंक उभी राहत नाही, आणि चिप शहाणी असेल तर काही प्रयत्नांनी हार मानून १०० वर उतरते. शहाणी नसेल तर लिंक येते-जाते करत राहते. नव्या कर्नेलमध्ये हे उतरणं लॉगमध्ये लिहून येतं, गिगाबिट ठरलं होतं पण १०० वर आलं, केबल तपासा, अशा अर्थाचं.

गुहागरकडच्या एका होमस्टेवाल्या काकांकडे हेच होतं. “दिवा तर पेटलाय रे, मग अडलंय कुठे?” त्यांचा प्रश्न बरोबर होता, दिवा खरंच पेटला होता. माजघराच्या टोकाला प्लग कापून बघितला तर आत निळी आणि तपकिरी जोडी मागे वळवून ठेवलेली, आणि ती पुढे निघाली होती अंगणातल्या कॅमेऱ्याकडे, बारा व्होल्ट घेऊन. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं, १०० च्या जमान्यात त्याने काही बिघडतही नव्हतं. कॅमेऱ्याला वेगळी पॉवर दिली, चारही जोड्या टी५६८बी या रंगक्रमाने क्रिम्प केल्या, पोर्ट १००० वर आला. मात्र जिथे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त सीसीए केबल पाइपात आधीच घातलेली असते तिथे प्लग बदलून फार उपयोग होत नाही. तिला १०० धरून चाला आणि पुढच्या उन्हाळ्यात नवी ओढा.

डुप्लेक्सची ओळ विसरू नका. ‘हाफ’ दिसलं तर बहुतेक वेळा कुणीतरी एका टोकाला वेग हाताने पक्का करून बोलणी बंद केली आहेत. दुसऱ्या टोकाला वेग कळतो पण डुप्लेक्स कळत नाही, आणि नियमाप्रमाणे ते हाफ धरतं. अशी लिंक पिंगला छान दिसते आणि फाइल ओढायला घेतली की गुडघे टेकते. ती दुरुस्त करा, किंमत लावून लपवू नका.

मध्ये स्विच असेल तर पोर्टचा आकडा फक्त स्विचपर्यंतचा. पलीकडे जुना १०० चा स्विच लागलेला असला तरी तुमचा पोर्ट १००० च म्हणणार. इथे एक जुनी युक्ती चालते. समोरच्या राउटरला लहान पिंग मारा, ५६ बाइटचं, मग मोठं, १४५६ चं. दोन्ही वेळा पन्नासेक मारा आणि सरासरी नको, सगळ्यात कमी वेळ घ्या. मोठ्या पिंगमध्ये १४०० बाइट जास्त, म्हणजे ११२०० बिट, जाऊन-येऊन २२४००. वाटेत १० एमबीपीएसचा तुकडा असेल तर दोन वेळांतला फरक निदान २.२४ मिलिसेकंद येतो. १०० चा असेल तर ०.२२. गिगाबिटला ०.०२, आणि तो राउटरच्या स्वतःच्या चुळबुळीत हरवून जातो. मधला प्रत्येक स्विच पॅकेट पूर्ण घेऊन मगच पुढे देतो, त्यामुळे प्रत्येक टप्प्याचा वेळ वेगळा मिळवायचा. गिगाबिट आणि अडीच गिगाबिट यांत फरक करायला ही युक्ती कुचकामी. कुठेतरी दडलेला १० किंवा १०० उघडा पाडायला मात्र उत्तम, आणि लिंकवर काहीच भार पडत नाही. वायफायवर ती वापरू नका, तिथे हवा मोकळी होण्याची वाट बघण्यातच याहून जास्त वेळ जातो.

पॉवरलाइन हा सगळ्यात खोटारडा प्रकार. खोक्यावर ५०० किंवा ६०० लिहिलेलं, इथरनेटचा पोर्ट १००० दाखवणार, आणि तारांवरून जातात ३०-४०. पोर्टचा आकडा राउटर ते ॲडॅप्टर या हातभर पॅच केबलचा आहे. त्यापुढचं राउटरला दिसतच नाही. शिवाय आपल्याकडे इन्व्हर्टर असतो. एक सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर, दुसरं थेट मेनवर, असं असेल तर वीज गेल्यावर इन्व्हर्टरकडचा ॲडॅप्टर चालू राहतो, पोर्ट १००० च म्हणत राहतो, आणि पलीकडे कुणीच नसतं. क्वालकॉमच्या चिपचे ॲडॅप्टर असतील तर ओपन-पीएलसी-युटिल्स या संचातून तारांवरचा वेग विचारता येतो. पण तोही कच्चा वेग, हातात त्याच्या निम्माही पडला तर नशीब. मी पॉवरलाइनला सरळ वायफाय समजतो. बॅबेलच्या सेटिंगमध्ये त्या इंटरफेसचा प्रकार ‘वायरलेस’ लिहायचा, म्हणजे पॅकेट हरवण्याचा हिशेबही सुरू होतो. ही माझी मनमानी नाही. घरगुती नेटवर्कसाठी बॅबेल कसा वापरावा हे सांगणारा आरएफसी ९०८० हा इंटरनेट-मानकांचा दस्तऐवज (२०२१) म्हणतो की लिंक वायरची की वायरलेस हे कळत नसेल तर वाईट बाजू धरा, वायरलेस समजा.

आता वायफाय. ‘आयडब्ल्यू’ ही आज्ञा, पुढे डेव्ह, इंटरफेसचं नाव, आणि ‘स्टेशन डंप’. प्रत्येक जोडलेल्या राउटरसाठी दहा-पंधरा ओळी येतात. टीएक्स बिटरेट (पाठवायचा वेग), आरएक्स बिटरेट (घ्यायचा), सिग्नल, आणि नशीब असेल तर ‘एक्स्पेक्टेड थ्रूपुट’, म्हणजे हातात पडेल असा अपेक्षित वेग. ही शेवटची ओळ सोन्याची. वेग निवडण्याचं काम जिथे कर्नेल स्वतः करतो, उदाहरणार्थ एटीएच९के ड्रायव्हर, तिथे ती मिळते. एटीएच१०के सारख्या चिपांत तो निर्णय आतलं फर्मवेअर घेतं आणि कर्नेलला सांगत नाही, तिथे बिटरेटवर भागवावं लागतं. बिटरेट म्हणजे हवेतला कच्चा वेग. ८६६ दिसलं तर टीसीपीला साधारण निम्म्याच्या आसपास धरा, जरा वरच.

पण बिटरेट कधी वाचता याला फार महत्त्व आहे. तो शेवटच्या पॅकेटचा असतो. लिंक निवांत असताना शेवटचं पॅकेट म्हणजे एखादं किरकोळ नियंत्रणाचं, ते ६ ने गेलेलं, आणि तुमची स्क्रिप्ट म्हणते माडीची लिंक मेली. म्हणून वाचायच्या आधी समोरच्या राउटरला मोठी पिंग मारा, १४०० बाइटची वीसेक, एका सेकंदात पाच या गतीने, आणि ती चालू असतानाच वाचा. बॅटमॅन-ॲडव्ह हा मेशचा (राउटरांच्या जाळ्याचा) प्रोग्रामही त्याच्या पाचव्या आवृत्तीच्या पद्धतीत हेच करतो, निवांत वायफाय लिंकवर मुद्दाम थोडी पॅकेटं सोडतो म्हणजे वेग ठरवणाऱ्याला काहीतरी खाद्य मिळतं. वायफायचा वेग तो ड्रायव्हरला विचारतो, केबलचा इथटूलला, आणि दोन्हींकडून काही मिळालं नाही तर १ एमबीपीएस धरून लॉगमध्ये तक्रार लिहितो. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. याउलट लिनक्सच्या ब्रिजचा कोड बघा. पोर्टचा वेग कळला तर १०० ला किंमत १९, १० ला १००. कळला नाही तर इंटरफेसच्या नावावरून अंदाज, आणि त्यावर लिहिणाऱ्यानेच शेरा मारलाय की हा जुना मूर्ख अंदाज आहे. त्यातही नाव बसलं नाही की १००.

हे सगळं आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने एकदा ताडून घ्या. आयपर्फ३, दोन्ही टोकांना लॅपटॉप, राउटर नको, कारण स्वस्त राउटरवर आयपर्फ चालवलं की लिंक मोजली जात नाही, त्याचा प्रोसेसर मोजला जातो. दहा सेकंद एका दिशेने, मग ‘वजा आर’ लावून उलट. गिगाबिटवर ९४० च्या आसपास, १०० वर ९४ आले की केबल ठीक. पण आयपर्फ दर पाच मिनिटांनी चालवून त्यावरून किंमत ठरवायची कल्पना डोक्यात आली असेल तर काढून टाका. वायफायवर तुम्ही मोजताय तेवढा वेळ माडीवरचा पाहुणा तुम्हाला शिव्या देत असतो.

आकडे हातात आले. त्यांची किंमत कशी करायची इथे बरेच जण घसरतात. पहिला मोह सरळ भागाकाराचा: एक मोठा आकडा घ्या, वेगाने भागा. ओएसपीएफ या दुसऱ्या रूटिंग पद्धतीत सिस्कोने हेच केलंय, १०० एमबीपीएसला वेगाने भागायचं. किंमत पूर्णांकात, एकपेक्षा कमी नाही, म्हणून १०० ला १ आणि गिगाबिटलाही १. वरचा आकडा वाढवला तर उलट टोक: सावकाश लिंक इतकी महाग होते की तिला टाळायला पॅकेट घरभर फिरतं. इंटरनेटच्या पूर्वजाने, अर्पानेटने, १९७९ मध्ये लिंकवर लागणाऱ्या वेळेवरून किंमत काढायला सुरुवात केली तेव्हा भरलेली ९.६ केबीपीएसची लिंक रिकाम्या ५६ केबीपीएसच्या लिंकपेक्षा १२७ पट महाग दिसू शकायची. म्हणजे एक टप्पा टाळायला शंभरावर टप्पे परवडले. वर रहदारी एका लिंकवरून दुसरीवर आणि परत अशी हेलकावे खायची, कारण जिकडे जावं तिकडे गर्दी. १९८७ मध्ये सुधारणा झाली ती किंमत दाबूनच: भरलेली लिंक तिच्याच रिकाम्या किमतीच्या तिपटीवर जाणार नाही, आणि सगळ्यात महाग लिंक सगळ्यात स्वस्त लिंकच्या सातपटीवर नाही.

मी हीच सातपट घरात वापरतो. अचूक वेग रूटिंगला नकोच असतो, कुठली लिंक कुठलीच्या आधी एवढं कळलं की झालं. आरएफसी ९०८० वायरला ३२ ते १९६ आणि वायरलेसला २५६ किंवा वर सुचवतो, त्यातच बसवायचं. गिगाबिट ६४, १०० ला १२८, १० किंवा (दुरुस्त होईपर्यंत) हाफ डुप्लेक्स १९२. वायफायचे तीन वर्ग, अपेक्षित २०० एमबीपीएसच्या वर, ५० ते २००, आणि ५० च्या खाली. त्यांना मूळ किंमत २५६, २८८, ३३६. पॉवरलाइनला सरसकट ३३६. शेवटचे आकडे एवढे जवळजवळ का? वायरलेस लिंकवर बॅबेलडी दोन्ही टोकांच्या किमतींचा गुणाकार करून २५६ ने भागतो. दोन्हीकडे २८८ लावलं तर प्रत्यक्ष किंमत ३२४, दोन्हीकडे ३३६ तर ४४१. ६४ ची सातपट ४४८, बसतं. हे लक्षात न घेता ४४८ लिहिलंत तर ७८४ होते.

म्हणजे १०० वर उतरलेली केबलसुद्धा ३०० च्या वायफायपेक्षा स्वस्त राहते. मुद्दाम ठेवलंय. केबल दोन्ही दिशांना एकाच वेळी बोलते, शेजारच्या वायफायने तिला फरक पडत नाही, आणि फायबरचा प्लॅनच १०० चा असेल तर इंटरनेटला ती पुरते. घरात मोठा स्टोरेज बॉक्स असेल आणि त्यावर व्हिडिओ टाकत असाल तर १०० च्या केबलला २५६ पेक्षा वर न्या, तुमची मर्जी.

बॅबेलडीत या किमतीचं नाव ‘आरएक्सकॉस्ट’, आणि त्यात एक मेख आहे. माझ्याकडे यायची किंमत मी शेजाऱ्याला सांगतो आणि ती तो वापरतो. माजघराच्या राउटरवर १२८ लिहिलंत तर बदलते नव्या घराकडून माजघराकडे जाणारी वाट, उलटी नाही. दोन्ही टोकांना लिहा. वायफायला दोन्हीकडचे आकडे बघून जो कमी तो वर्ग दोघांना लावणं सोपं पडतं.

बदल आपोआप व्हावेत म्हणून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारं साधन) दर मिनिटाची छोटी स्क्रिप्ट पुरते. केबलचा वेग बदलला की लगेच किंमत बदला, तो उगाच बदलत नाही. वायफायचं तसं नाही. पाऊस, उघडं-मिटलं दार, माडीवर लावलेला पंखा, सगळ्याने आकडा हलतो. म्हणून उतरायची आणि चढायची पातळी वेगळी ठेवा: ५० च्या खाली गेलं तर खालचा वर्ग, पण परत वर यायला ७५ लागतील. तेही सलग पाच वाचनं तसं आलं तरच. बॅबेल स्वतःही वाट बदलताना थोडा थांबतो, तरी त्याच्यावर टाकू नका. नवी किंमत द्यायला बॅबेलडी परत चालू करायची गरज नाही. सेटिंगमध्ये ‘लोकल-पोर्ट-रीडराइट’ लिहून पोर्टचा (केबलच्या नव्हे, प्रोग्रामशी बोलायच्या टीसीपी दरवाजाचा) क्रमांक द्या, मग नेटकॅट या आज्ञेने त्या पोर्टवर ‘इंटरफेस’, नाव, ‘आरएक्सकॉस्ट’ आणि आकडा अशी एक ओळ पाठवली की झालं. तो दरवाजा फक्त राउटरच्या आतून उघडतो, त्यामुळे बाहेरची भीती नाही. त्याच दरवाजावर ‘डंप’ लिहिलं की सगळे शेजारी, वाटा आणि किमती दिसतात.

शेवटी चाचणी. केबलची जोडी तोडायची गरज नाही. इथटूलला ‘वजा एस’, पोर्टचं नाव, ‘ॲडव्हर्टाइज’ आणि ०एक्स००८ द्या, म्हणजे आपला पोर्ट फक्त १०० फुल जाहीर करतो आणि समोरचा बोलणी करून तिथे येतो. ‘ऑटोनेग ऑफ’ करून १०० करू नका, तो वर सांगितलेला हाफ डुप्लेक्सचा घोटाळा तुम्ही स्वतःच्या हाताने कराल. मिनिटभराने डंपमध्ये ६४ चे १२८ झाले का बघा, दोन्ही राउटरवर. मग केबल उपटा, ‘आयपी रूट गेट’ आणि नव्या घराच्या राउटरचा पत्ता माजघरातून विचारा, उत्तरात माडीचा राउटर आला पाहिजे. केबल परत लावा. आणि ॲडव्हर्टाइज ०एक्स०२एफ करून १० पासून १००० पर्यंतचे वेग पुन्हा जाहीर करायला विसरू नका, नाहीतर राउटर बंद-चालू होईपर्यंत चांगली केबल १०० वरच चालत राहील.